‘बॅन्ड इन द यूएसए’: बंदीवरचं रॅप आणि त्या बंदीची उलटतपासणी

६ जून १९९० रोजी फ्लोरिडातल्या न्यायाधीश होजे गोन्झालेझ यांनी टू लाइव्ह क्रू या मायामीच्या रॅप गटाचा ‘ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी’ हा अल्बम अश्लील ठरवला. अमेरिकेत संघराज्य न्यायालयाने संगीताचा अल्बम अश्लील ठरवण्याची ती पहिलीच वेळ. जुलैत गटाने ‘बॅन्ड इन द यूएसए’ हे गाणं बाजारात आणलं. तेव्हापासून ही गोष्ट एका ठरावीक साच्यात सांगितली जाते: कोर्टाने बंदी घातली, कलावंतांनी गाण्यातून उत्तर दिलं.

तारखा लावून पाहिल्या की हा साचा टिकत नाही. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) दुकानांतून या अल्बमची कॅसेट गायब झाली ती मार्चमध्ये, म्हणजे निकालाच्या जवळजवळ तीन महिने आधी. तेव्हा कोणी बंदी घातलेली नव्हती, कोणावर खटलाही भरलेला नव्हता. आणि जूनचा तो निकाल ज्या दाव्यात आला, तो दावा गटानेच दाखल केला होता. या प्रकरणातून काही शिकायचं असेल तर ते या दोन गोष्टींतच आहे. गाणंही त्यांच्याशिवाय नीट कळत नाही.

माल आणि विक्री

गटात चौघे होते: ल्यूथर कॅम्पबेल, ख्रिस वाँग वॉन, मार्क रॉस आणि डीजे डेव्हिड हॉब्स. शैली मायामी बेस: रोलँडच्या टीआर-८०८ ड्रम मशीनचा खोल, लांबवलेला ठोका, वेगवान लय आणि नाचणाऱ्या गर्दीकडून वदवून घ्यायच्या घोषणा. १९८९च्या या अल्बममध्ये १८ गाणी होती आणि बहुतेकांत लैंगिक वर्णनं, तीही अगदी उघडीवाघडी. कंपनी कॅम्पबेलची स्वतःची होती. सोबत ‘ॲज क्लीन ॲज दे वॉना बी’ ही सोज्वळ आवृत्तीही काढलेली होती. कोर्टात नोंदलेले आकडे बोलके आहेत: मूळ अल्बमच्या सुमारे १७ लाख प्रती खपल्या, सोज्वळ आवृत्तीच्या सुमारे अडीच लाख.

मोठ्या कंपनीचं पाठबळ नसलेल्या रेकॉर्ड लेबलची दुखरी नस असते दुकानदार. गाणी लिहिणारा खटला लढायला तयार असतो, कारण ते त्याचं काम आणि नाव असतं. दुकानदाराकडे मात्र इतर हजारो कॅसेट असतात. एका शीर्षकासाठी तुरुंगाचा धोका पत्करण्यात त्याला काहीच मिळत नाही.

हवा आधीपासून तापलेली होती. १९८५मध्ये सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या इतर वजनदार महिलांनी गाण्यांतल्या अश्लील भाषेविरुद्ध पालकांचा दबावगट उभा केला, १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने इशाऱ्याचं लेबल लावायचं मान्य केलं. ऑगस्ट १९८९मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने पोलिसांवरच्या एका गाण्याबद्दल एनडब्ल्यूए या रॅप गटाच्या कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. फ्लोरिडात गव्हर्नर बॉब मार्टिनेझ यांनी टू लाइव्ह क्रूची चौकशी व्हावी असा आग्रह धरला. हा स्थानिक पातळीवरचा विषय आहे, असं राज्याच्या वकिलाकडून उत्तर आलं. मग तो स्थानिक पातळीवरच हाती घेतला गेला.

दुकानं कशी रिकामी झाली

ब्रॉवर्ड काउंटीचे शेरीफ होते निक नवारो. शेरीफ म्हणजे तिथला निवडून आलेला पोलीसप्रमुख. त्यांच्या खात्याने जे केलं ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे, कारण एकेक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर साधी, कायदेशीर वाटते.

२६ फेब्रुवारी १९९० रोजी एका अधिकाऱ्याने दुकानातून कॅसेट विकत घेतली. १८ पैकी सहा गाण्यांचे शब्द उतरवून काढले, प्रतिज्ञापत्र जोडलं आणि ब्रॉवर्डमधल्या राज्य न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे ठेवलं. ९ मार्चला आदेश मिळाला: हा अल्बम अश्लील असावा असं मानायला सकृतदर्शनी कारण आहे. सुनावणीला दुसरी बाजू नव्हतीच. अशा आदेशाचं काम एवढंच, की पोलिसांना पुढची पावलं उचलता यावीत. अल्बम अश्लील आहे की नाही याचा निर्णय त्यात नसतो.

पुढच्या काही दिवसांत शेरीफचे लोक १५ ते २० दुकानांत गेले. व्यवस्थापकाच्या हातात आदेशाची प्रत ठेवली आणि यापुढे विक्री केली तर अटक होऊ शकते, असं बजावलं. प्रौढ ग्राहकाला विकल्याबद्दल शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि १००० डॉलरपर्यंत दंड. कोणाचा माल जप्त केला नाही, कोणाला बेड्या घातल्या नाहीत. थोड्याच दिवसांत सगळ्या काउंटीतून अल्बम गायब झाला, ज्या दुकानांत पोलीस फिरकलेही नव्हते तिथूनसुद्धा.

या पद्धतीची खरी ताकद अशी, की तिला अपील नाही. बंदीचा हुकूम असेल तर त्याला आव्हान देता येतं. इथे हुकूमच नव्हता. अधिकारी म्हणणार, आम्ही फक्त कायद्याची माहिती दिली. दुकानदार म्हणणार, आम्ही आपणहून माल काढला. आणि आदेशाला मुदत नसल्यामुळे खटला भरण्याची शेरीफला घाईही नव्हती.

एका दाव्यात दोन मागण्या

१६ मार्चला कंपनीने आणि गटाच्या सदस्यांनी संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. मागण्या दोन. एक, शेरीफने दुकानदारांना धमकावणं हा अभिव्यक्तीवरचा पूर्व-प्रतिबंध आहे, म्हणजे न्यायालयाचा निर्णय होण्याआधीच घातलेली आडकाठी, तो थांबवा. दुसरी, आमचा अल्बम अश्लील नाही असं जाहीर करा.

पहिल्या मागणीचा पाया भक्कम होता. १९६३च्या बॅन्टम बुक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऱ्होड आयलंडमधल्या एका आयोगाची अगदी अशीच पद्धत रद्द केली होती. तो आयोग पुस्तक वितरकांना ‘ही पुस्तकं आक्षेपार्ह आहेत’ अशा नोटिसा पाठवी आणि मागोमाग पोलीस विचारपूस करायला जात. गोन्झालेझ यांनी त्याच मार्गाने शेरीफविरुद्ध निकाल दिला: दोन्ही बाजू ऐकून निर्णय होण्याआधीच विक्री बंद पाडणं घटनाबाह्य आहे. या भागात गट जिंकला. बातम्यांत ही ओळ सहसा आलीच नाही.

दुसरी मागणी अंगाशी आली. अश्लीलतेचा प्रश्न वादींनीच समोर ठेवला होता, न्यायाधीशांनी त्याचं उत्तर दिलं, आणि ते ‘अश्लील आहे’ असं निघालं. आता शेरीफच्या हातात राज्य न्यायालयातल्या न्यायाधीशाचा नुसता सकृतदर्शनी आदेश नव्हता, संघराज्य न्यायालयाचा निर्णय होता. पहिल्याच मागणीवर थांबले असते तर निर्भेळ विजय मिळाला असता, असं आज मागे वळून म्हणणं सोपं आहे. पण त्या निर्भेळ विजयानंतरही शेरीफला दुसऱ्या दिवशी रीतसर फौजदारी खटला भरता आलाच असता, हेही लक्षात घ्यावं लागतं. तो खटला निदान ज्युरीपुढे चालला असता. इथे मात्र एकट्या न्यायाधीशानेच सगळं ठरवलं.

अमेरिकेत अश्लीलता ठरते ती १९७३च्या मिलर खटल्यातल्या कसोटीवर. तिची तीन अंगं आहेत आणि तिन्ही सिद्ध व्हावी लागतात. समाजाच्या आजच्या मापदंडांनुसार सरासरी माणसाला संपूर्ण कृती कामवासना चाळवणारी वाटली पाहिजे. राज्याच्या कायद्यात नमूद केलेल्या लैंगिक कृतींचं वर्णन उघड उघड किळसवाणं असलं पाहिजे. आणि संपूर्ण कृतीला साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक असं गंभीर मूल्य नसलं पाहिजे. पहिली दोन अंगं स्थानिक समाजावर अवलंबून असतात. त्यासाठी गोन्झालेझ यांनी ब्रॉवर्ड, डेड आणि पाम बीच या तीन काउंट्यांचा समाज धरला. तिसऱ्याचं तसं नाही. १९८७च्या पोप खटल्यानंतर तिथे स्थानिक मताला स्थान नाही, एखाद्या समंजस माणसाला त्यात मूल्य दिसेल का एवढंच विचारायचं.

गटाने तिसऱ्या अंगावर जोर दिला. संगीतसमीक्षकांनी रॅपची जडणघडण समजावून दिली. राज्यशास्त्राचे अभ्यासक कार्लटन लाँग यांनी कृष्णवर्णीय मौखिक परंपरेतले तीन प्रकार उलगडून दाखवले: हाक आणि प्रतिसाद, अतिशयोक्त बढाया, आणि एकमेकांची उणीदुणी काढण्याचा शाब्दिक खेळ, ज्याला तिथे ‘डझन्स’ म्हणतात. शेरीफने पुरावा म्हणून काय दिलं? कॅसेट. एकही तज्ज्ञ नाही. न्यायाधीशांनी ती ऐकली आणि तीत गंभीर मूल्य नाही असं ठरवलं. ही फट तेव्हा फारशी कोणाला जाणवली नाही. प्रकरण शेवटी तिच्यातूनच सुटलं.

चार दिवसांत दोन अटका

निकालानंतर दोनच दिवसांनी, ८ जूनला, फोर्ट लॉडरडेलमधले कृष्णवर्णीय दुकानदार चार्ल्स फ्रीमन यांनी अल्बम विकायला ठेवला आणि साध्या वेशातल्या पोलिसाला कॅसेट विकल्याबद्दल त्यांना अटक झाली. १० जूनच्या पहाटे हॉलीवूड गावातल्या क्लब फ्युचरामध्ये फक्त प्रौढांसाठी असलेला कार्यक्रम आटोपल्यावर कॅम्पबेल आणि वाँग वॉन यांना पकडलं. हे हॉलीवूड फ्लोरिडातलं, सिनेमावालं नव्हे. पुढे मार्क रॉसवरही आरोप ठेवला गेला. डीजे हॉब्स वगळला गेला, कारण त्याच्या तोंडून शब्द निघाले नव्हते.

गाण्याची बांधणी

अटकेनंतर कॅम्पबेलकडे दोन गोष्टी होत्या: देशभर पोचलेलं नाव आणि वितरणासाठी पुढे आलेली अटलांटिक ही मोठी कंपनी. गाणं बाहेर पडायला जेमतेम महिना लागला.

निवडलेली चाल होती रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८४च्या ‘बॉर्न इन द यूएसए’ची. या निवडीमागची कारागिरी पाहण्यासारखी आहे. मूळ गाणं जवळजवळ सबंध दोनच कॉर्डवर चालतं आणि सिंथेसायझरवरची एक छोटी सुरावट सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहते. कॉर्ड बदलत नाहीत, त्यामुळे वर बोलणाऱ्याला भरपूर मोकळी जागा मिळते. रॅपसाठी जणू आयताच ठेका. ध्रुवपदातला एक शब्द बदलला की नवं गाणं तयार, आणि ऐकणाऱ्याच्या कानात मूळ शब्दही वाजतच राहतो: इथे जन्मलेला माणूस इथेच बंद.

दुसरा पदर अर्थाचा. स्प्रिंगस्टीनची कडवी व्हिएतनामहून परतलेल्या आणि काम न मिळालेल्या माणसाची आहेत. पण ध्रुवपदाचा दणका असा, की लाखोंनी ते देशभक्तिगीत म्हणून गायलं. ती चाल घेतल्यावर तिला चिकटलेला झेंडाही सोबत येतो, आणि हे लोक देशाबाहेरचे आहेत असं म्हणणं अवघड होऊन बसतं.

आता परवानगीचा प्रश्न. दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द घालताना अमेरिकेत तीन वाटा असतात. कायद्याने मिळणारा सक्तीचा परवाना, ज्यात ठरलेली रॉयल्टी भरून कोणाचंही प्रसिद्ध झालेलं गाणं पुन्हा गाता येतं. पण त्यात मूळ चाल किंवा गाण्याचं मूलभूत स्वरूप बदलायची मुभा नाही, आणि नवे शब्द म्हणजे स्वरूपच बदललं. दुसरी वाट विडंबनाच्या बचावाची. तिसरी, सरळ मालकाकडून परवानगी. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलायचा असेल तर रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, अशा दोन परवानग्या लागतात. नवख्यांची फसगत इथेच जास्त होते.

याच गटाने आधी दुसरी वाट धरली होती. १९८९मध्ये ‘ओ प्रिटी वूमन’च्या विडंबनासाठी त्यांनी ॲकफ-रोझ या प्रकाशकाकडे परवानगी मागितली, नकार मिळाला, तरी ते सोज्वळ अल्बममध्ये घातलं. खटला १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एकमताने ठरलं, की विकण्यासाठी केलेलं विडंबनही न्याय्य वापरात, म्हणजे मालकाच्या परवानगीविना कायद्याला चालणाऱ्या वापरात, बसू शकतं. पण त्याच निकालात एक रेघ आखलेली आहे: मूळ कृतीवरच टिप्पणी करायची असेल तर तिची नक्कल करायला सबब आहे, मूळ कृती नुसती वाहन म्हणून वापरून तिसऱ्याच गोष्टीवर बोलायचं असेल तर ती सबब लंगडी पडते. ‘बॅन्ड इन द यूएसए’चा रोख स्प्रिंगस्टीनवर नाही, शेरीफवर आणि न्यायालयावर आहे. म्हणजे विडंबनाचा बचाव इथे फारसा उभा राहिला नसता. स्प्रिंगस्टीनने परवानगी दिली म्हणून गाणं निर्धोक झालं.

शब्दांबाबतही हिशोबीपणा दिसतो. ज्या अल्बमवरून वाद झाला त्याची भाषा या गाण्यात नाही. विषय बोलण्याचं स्वातंत्र्य, त्याची हमी देणारी अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती आणि गटावर झालेली कारवाई. बंदीविरुद्धचं गाणंच वाजवता येऊ नये असं लिहिलं असतं तर ते ऐकणार तेच, ज्यांना आधीच पटलेलं आहे. हे गाणं बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २०व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच नावाच्या अल्बममधली बाकीची गाणी मात्र जुन्याच वळणाची होती, एकात तर गव्हर्नर मार्टिनेझ यांना नाव घेऊन शिवी आहे. कंपन्यांच्या संघटनेचं नवं, एकसारखं काळं-पांढरं इशारा-लेबल लागलेला हा पहिला अल्बम मानला जातो.

काव्य म्हणून हे गाणं थोर नाही. कडवी सरळसोट आहेत, युक्तिवाद पत्रकार परिषदेतल्यासारखा. त्याची ताकद चालीच्या निवडीत आणि वेळेत आहे.

ज्युरीपुढे

ऑक्टोबरमध्ये दोन्ही फौजदारी खटले चालले आणि निकाल उलटसुलट लागले. ३ ऑक्टोबरला फ्रीमन दोषी ठरले, दंड १००० डॉलर. ज्युरीत सगळे गोरे होते आणि ही ज्युरी आपल्या वस्तीची नाही हे फ्रीमन यांनी उघड बोलून दाखवलं. २० ऑक्टोबरला कॅम्पबेल, वाँग वॉन आणि रॉस निर्दोष सुटले.

गटाच्या खटल्यात सरकारी बाजू घसरली ती ध्वनिमुद्रणावर. क्लबमध्ये पोलिसांनी लहानशा टेपरेकॉर्डरवर कार्यक्रम उतरवून घेतला होता. मोठे स्पीकर, गर्दीचा गलका आणि ८०८चा खर्ज यांच्यापुढे असा मायक्रोफोन दबून जातो, नेमके शब्दच ऐकू येत नाहीत. मग पोलिसांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्या ओळी स्वतःच्या तोंडाने सपाट सुरात सांगाव्या लागल्या. रॅपच्या ओळी लय काढून, गंभीर चेहऱ्याने वाचल्या की त्या कामवासना चाळवत नाहीत, हसू आणतात. हसलं तर चालेल का, असं ज्युरीने न्यायाधीशांना विचारलं आणि परवानगी मिळवली. पहिलं अंग तिथेच ढासळलं. तिसऱ्या अंगासाठी बचाव पक्षाने साहित्याचे अभ्यासक हेन्री लुई गेट्स यांना बोलावलं. कृष्णवर्णीय पुरुषाच्या लैंगिकतेबद्दल रूढ असलेल्या साचेबंद कल्पना इतक्या फुगवायच्या की त्यांचंच हसं व्हावं, हे या गाण्यांतलं तंत्र आहे, असं त्यांनी मांडलं.

गेट्स यांच्या मांडणीला लगोलग धारदार उत्तर मिळालं. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९९१मध्ये लिहिलं, की अँड्र्यू डाइस क्लेसारखे तितकेच अश्लील गोरे विनोदवीर मोकाट असताना या गटावर खटला भरणं वंशभेदी आहेच. पण ‘सगळा विनोद आहे, परंपरा आहे’ म्हणून ही गाणी सोडवून घेताना त्यांत ज्यांची विटंबना होते त्या कृष्णवर्णीय स्त्रियांना दोन्ही बाजू विसरतात. या प्रकरणावर आजवर लिहिल्या गेलेल्यात हे सर्वात नेमकं आहे. अल्बममधली स्त्रियांबद्दलची भाषा हिंसक आहे. कायद्याने ती दडपू नये म्हणताना तिला विनोदाचं पांघरूण घालायची गरज नाही.

अपील

मूळ निकाल शोधताना एक गोम लक्षात ठेवावी. कॅम्पबेलच्या कंपनीचं नाव स्कायवॉकर रेकॉर्ड्स होतं. ‘स्टार वॉर्स’वाल्या जॉर्ज लुकस यांनी हरकत घेतल्यावर ते ल्यूक रेकॉर्ड्स झालं. म्हणून १९९०चा निकाल एका नावाने सापडतो आणि अपिलाचा दुसऱ्या.

मे १९९२मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे फ्लोरिडा ज्याच्या कक्षेत येतं त्या संघराज्य अपील न्यायालयाने गोन्झालेझ यांचा अश्लीलतेचा निष्कर्ष रद्द केला. कारण तीच फट. पहिल्या दोन अंगांसाठी न्यायाधीशाला आपल्या परिसराची माहिती असते हे घटकाभर धरून चालू. पण कलात्मक मूल्याबद्दल वादींनी तज्ज्ञ उभे केले होते आणि शेरीफने कॅसेटखेरीज काहीच दिलं नव्हतं. नुसती टेप ऐकून तीत गंभीर कलात्मक मूल्य नाही असं न्यायाधीशाला ठरवता येत नाही. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेरीफची याचिका ऐकायला नकार दिला.

हा अल्बम अश्लील नाही, असं अपील न्यायालयाने म्हटलेलं नाही. अश्लील असल्याचं सिद्ध झालेलं नाही, एवढंच म्हटलं आहे. मार्च १९९०मध्ये दुकानांत जे झालं त्याबद्दलचा निकाल तर गोन्झालेझ यांच्याच निकालपत्रात पहिल्या दिवसापासून गटाच्या बाजूने होता, आणि त्या भागाला अपिलातही धक्का लागला नाही.